अंगाला झटके: कोड लिहिण्याआधी काय काय बघायचं

डिस्चार्ज कार्डावर निदानाच्या रकान्यात नुसतं ‘झटके’ किंवा ‘जर्क्स’ लिहिलेलं असेल तर कोड लिहायला घेऊ नका. त्या एका शब्दामागे मज्जासंस्थेचा आजार असू शकतो, औषधाचा परिणाम असू शकतो, फवारणीचं विष असू शकतं, अपस्मार (फिट येण्याचा आजार) असू शकतो. प्रत्येकाचा कोड वेगळा. चुकीचा पडला तर तुमचं फार काही बिघडत नाही, पेशंटचं बिघडतं. मी जळगावातल्या एका खासगी रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात आहे. आमच्याकडे नवी मुलं-मुली कामाला लागतात तेव्हा सगळ्यात जास्त गोंधळ याच विषयावर होतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधी सांगते. कोडमधलं अक्षर मी इथे देवनागरीत लिहिते, जी २५.३, आर २५.३ असं. फॉर्मवर अर्थातच ते रोमन अक्षरातच जाईल. आणि जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० चे, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीचे आहेत. अमेरिकन आवृत्तीचं पुढे वेगळं सांगते.

पेशंट काय म्हणतो, डॉक्टर काय लिहितात

चोपडा, यावल, पारोळा, साक्री, कुठकुठून माणसं येतात. ‘मना हात उडस’, ‘आंगमा झटका येतस’, ‘डोया फडकस’ असं सांगतात. कुणी म्हणतं झटका आला, आणि विचारल्यावर कळतं की ते लकव्याबद्दल बोलत आहेत. कुणाचा झटका म्हणजे हार्ट ॲटॅक. कुणाचा म्हणजे आकडी. ओपीडीत गर्दी असते, निवासी डॉक्टर ते सगळं ‘हिस्टरी ऑफ जर्क्स’ एवढ्यावर आणून ठेवतात. पुढे तेच शब्द डिस्चार्ज कार्डापर्यंत तसेच उतरतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे केसपेपरचं पहिलं पान उघडून पेशंटच्या किंवा नातेवाइकाच्या तोंडची तक्रार शोधणं. चांगले डॉक्टर ती त्याच शब्दांत लिहून ठेवतात. ‘चहाचा कप हातातून उडाला’, ‘झोपेत पाय झाडतो’, ‘पापणी फडफडते’, ‘पायात गोळे येतात’. या चार ओळींचे चार वेगळे कोड होतील.

जी २५.३ कुणाचा

हा कोड मायोक्लोनसचा. स्नायू अचानक आकसतो, क्षणात सुटतो, माणसाला तो थांबवता येत नाही. साध्या मायोक्लोनसमध्ये शुद्ध हरपत नाही. कोड मज्जासंस्थेच्या सहाव्या प्रकरणात आहे, जी २५ या गटात, आणि त्याचे शेजारी ओळखून ठेवा कारण चूक बहुधा शेजाऱ्यातच होते. जी २५.० हा इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे लयीत होणारा कंप. जी २५.१ औषधाने होणारा कंप. जी २५.४ औषधाने होणारा कोरिया (नाचल्यासारख्या अनियमित हालचाली), जी २५.५ इतर कोरिया. जी २५.६ टिक्स, पण शारीरिक कारणाने किंवा औषधाने आलेले. मुलांचे नेहमीचे डोळे मिचकावणे, खांदे उडवणे हे एफ ९५ मध्ये, मानसिक आजारांच्या प्रकरणात जातं. संधिवाताच्या तापानंतर मुलांना होणारा कोरिया तर पार हृदयाच्या प्रकरणात आहे, आय ०२.

जी २५.३ च्या खाली दोन अपवाद छापलेले आहेत आणि ते वाचल्याशिवाय हा कोड वापरू नये. चेहऱ्याची मायोकिमिया (स्नायूंची त्वचेखालची सळसळ) असेल तर जी ५१.४. मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे असे झटके येणारा अपस्मार असेल तर जी ४०. शिवाय औषधाने आलेला मायोक्लोनस याच कोडमध्ये बसतो, पण औषध कोणतं ते सांगणारा जादा कोड लावायची सूचना तिथे आहे. ही जादा कोडची ओळ बहुतेक जण वाचत नाहीत.

आता आर २५. हे अठराव्या, म्हणजे लक्षणांच्या प्रकरणातलं. आर २५.० डोक्याच्या असाधारण हालचाली, आर २५.१ अनिश्चित कंप, आर २५.२ गोळे आणि आकडलेपण, आर २५.३ स्नायूंची फडफड, आर २५.८ इतर आणि अनिश्चित अनैच्छिक हालचाली. डॉक्टरांनी कारण ठरवलेलं नाही, मायोक्लोनस हा शब्दही वापरलेला नाही, तेव्हाच हे कोड. आयसीडीच्या अनुक्रमणिकेत, म्हणजे शब्दावरून कोड शोधायच्या यादीत, ‘ट्विचिंग’ पाहिलं तर आर २५.३ मिळतो. पापणी फडफडण्याची साधी तक्रार असेल आणि डॉक्टरांनी ‘ट्विचिंग’ एवढंच लिहिलं असेल तर तोच द्या. पण अर्धा चेहरा ओढला जात असेल आणि ‘हेमिफेशियल स्पाझम’ लिहिलं असेल तर जी ५१.३, आणि दोन्ही डोळे घट्ट मिटून जात असतील, ‘ब्लेफरोस्पाझम’ लिहिलं असेल, तर जी २४.५. डोळा तोच, पण घर तिन्ही वेळा वेगळं.

उचकीसुद्धा शरीरशास्त्राच्या दृष्टीने मायोक्लोनसच आहे. तरी तिचा कोड आर ०६.६. अनुक्रमणिका आधी आणि शरीरशास्त्र नंतर, हे यातून लक्षात राहील.

प्रश्नचिन्ह सगळ्यात घातक

डॉक्टर निदानाआधी प्रश्नचिन्ह लावतात. ‘? मायोक्लोनिक एपिलेप्सी’. त्यांच्या मनात असतं, अजून ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) व्हायचा आहे, बघू. पण आयसीडीच्या दुसऱ्या खंडातला नियम असा आहे की उपचाराच्या शेवटीही मुख्य आजार ‘संशयित’ म्हणूनच लिहिलेला असेल आणि आणखी काही माहिती मिळत नसेल, तर तो आजार आहे असंच धरून कोड द्यायचा. म्हणजे डॉक्टरांनी सावधपणे टाकलेलं प्रश्नचिन्ह तुमच्या टेबलावर गळून पडतं, आणि कागदावर अपस्मार कायमचा उमटतो.

खान्देशात, किंवा कुठेही म्हणा, याची किंमत मुलींना जास्त मोजावी लागते. हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची अट १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकली, पण गावात ‘तिला फिट येते’ हे वाक्य अजून तेवढंच जड आहे. मुलाला ड्रायव्हिंग लायसन्स काढायचं तर अर्जासोबतच्या स्वयंघोषणेत अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो. विमा कंपनी पूर्वीचे आजार तपासते तेव्हा जुन्या फॉर्मवरचे कोडच वाचते. म्हणून प्रश्नचिन्ह दिसलं की नियमाच्या आधारावर कोड टाकून मोकळं व्हायचं नाही. नियमातच लिहिलं आहे, आणखी माहिती मिळत नसेल तर. माहिती मिळवायला डॉक्टर दोन मजले वर बसलेले आहेत.

तपासण्या होऊन आजार नाही असं ठरलं असेल तर झेड ०३.३ आहे, म्हणजे मज्जासंस्थेच्या संशयित आजारासाठी निरीक्षण. हा कोड आपल्याकडे फार कमी वापरला जातो. तो वापरा. ‘ईईजी नॉर्मल, अपस्मार नाही’ असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलेलं असेल आणि झटके पुन्हा आलेले नसतील तर त्या मुलीच्या कागदावर हेच जायला हवं. झटके आहेत पण अपस्मार नाही, असं असेल तर मात्र झटक्यांचा कोड.

अमेरिकन आवृत्तीत याबाबत नियम वेगळा आहे. तिथे ओपीडीच्या पेशंटला ‘प्रोबेबल’, ‘सस्पेक्टेड’ लिहिलेलं निदान कोड करायचंच नाही, लक्षण कोड करायचं. आंतररुग्णाला डिस्चार्जच्या वेळीही तसंच लिहिलेलं असेल तर करायचं. पुण्यात जाऊन अमेरिकन कंपन्यांचं काम करणारी आपल्याकडची बरीच मुलं आहेत, त्यांनी हे दोन नियम एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

जेव्हा झटका खरंच अपस्मार असतो

आता उलट बाजू. अपस्माराचं नाव नको म्हणून तो लपवणंही तितकंच चुकीचं. वयात येणारी मुलगी, सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात हात उडतात, हातातली वस्तू पडते, आणि रात्रभर जागरण झालं की जास्त. घरच्यांना वाटतं धांदरट आहे. श्रावणात कानबाई देवीच्या जागरणानंतर सकाळी रोट करायला बसलेल्या मुलीच्या हातातून पीठ उडालं आणि थोड्या वेळाने ती पडली, अशा वर्णनाची केस कुठल्याही न्यूरॉलॉजिस्टच्या ओळखीची असेल. झोप मोडणं हे ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीत झटके वाढवणारं ठळक कारण आहे. डॉक्टरांनी हे निदान लिहिलं असेल तर जी ४०.३. जी २५.३ नाही, दोन्ही तर नाहीच. अपवादाची ओळ याचसाठी आहे.

लेनॉक्स-गॅस्टॉट, वेस्ट सिंड्रोम, मायोक्लोनिक-ॲस्टॅटिक झटके हे अपस्माराचे सगळे प्रकार जी ४०.४ मध्ये. अमेरिकन आवृत्तीत ज्युव्हेनाइल मायोक्लोनिकला स्वतंत्र जागा आहे, जी ४०.बी, औषधाला दाद देणारी आणि स्टेटस (न थांबणारी, लांबलेली आकडी) नसलेली असेल तर जी ४०.बी०९.

‘कन्व्हल्शन्स’ असं मोघम लिहिलेलं असेल तर आर ५६.८. तापातली आकडी आर ५६.०. हे दोन्ही लक्षणाचे कोड आहेत, अपस्माराचे नाहीत, आणि पहिल्यांदाच आलेल्या आकडीला अपस्मार म्हणायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

डॉक्टरांना प्रश्न कसा विचारायचा

माझ्या मते कोडरची खरी पारख इथेच होते. एक उदाहरण घेऊ. साठी ओलांडलेले एक बाबा. किडनी निकामी, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिस. पायांची आग होते म्हणून गॅबापेन्टिन सुरू. घरी दोन्ही हात उडायला लागले, ताटातली भाकरी हातात धरता येईना, म्हणून दाखल केलं. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय, ‘सीकेडी ऑन एमएचडी विथ जर्क्स’, म्हणजे किडनीचा जुनाट आजार, नियमित डायलिसिस, आणि झटके.

इथे घाईने एन १८.५, म्हणजे किडनीच्या जुनाट आजाराचा पाचवा टप्पा, टाकून फाइल बंद करणं सोपं आहे. पण बाबा किडनीसाठी दाखल झालेले नव्हते. मुख्य आजार म्हणजे ज्यासाठी त्या वेळी उपचाराची गरज पडली तो. मग फाइल वाचा. नर्सिंगच्या रात्रपाळीच्या नोंदी वाचा, त्यात खरी गोष्ट असते: किती वाजता झटके आले, तेव्हा पेशंट बोलत होता का, झोपेत थांबले का. औषधांचा तक्ता वाचा, कोणतं औषध कोणत्या दिवशी बंद झालं. रिपोर्टमध्ये क्रिॲटिनिन, सोडियम, कॅल्शियम, साखर पाहा. ईईजी झाला असेल तर त्याचा निष्कर्ष.

समजा दिसलं की दुसऱ्या दिवशी गॅबापेन्टिन बंद केलं, डायलिसिस झालं, आणि तिसऱ्या दिवशी ‘झटके नाहीत’ अशी नोंद आहे. हे औषध किडनीतून बाहेर पडतं, किडनी काम करत नसेल तर साठतं आणि मायोक्लोनस होऊ शकतो. तुम्हाला ते कळलं. तरी ते लिहिण्याचा हक्क तुमचा नाही. निष्कर्ष डॉक्टरांच्या हस्ताक्षरात हवा.

चुकीचा प्रश्न असा असतो: ‘सर, हा गॅबापेन्टिनने झालेला मायोक्लोनस आहे ना?’ घाईत डॉक्टर मान डोलावतात आणि निदान तुम्ही केलेलं असतं. बरोबर प्रश्न लेखी आणि असा:

‘दाखल होताना दोन्ही हातांना झटके, शुद्ध पूर्ण, अशी नोंद आहे. दुसऱ्या दिवशी गॅबापेन्टिन बंद, त्याच दिवशी डायलिसिस. तिसऱ्या दिवशीच्या नोंदीत झटके नाहीत. डिस्चार्ज निदानात जर्क्स एवढंच आहे. झटक्यांचं स्वरूप आणि कारण आपल्या मते ठरलं असल्यास कृपया लिहावं. ठरलं नसल्यास तसं लिहावं.’

यात तुम्ही फक्त फाइलमध्ये आहे तेच समोर ठेवलं. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, त्याने डॉक्टरांना ‘ठरलं नाही’ म्हणायलाही जागा मिळते.

डॉक्टरांनी ‘गॅबापेन्टिन इंड्युस्ड मायोक्लोनस’ लिहून सही केली तर मुख्य कोड जी २५.३. सोबत वाय ४६.६, म्हणजे उपचारात वापरलेल्या इतर अपस्मारविरोधी औषधांचा दुष्परिणाम. गॅबापेन्टिन पायाच्या आगीसाठी दिलं होतं तरी औषधाचा वर्ग तोच राहतो. मग एन १८.५, आणि डायलिसिसवर अवलंबून असल्याचा झेड ९९.२. अमेरिकन आवृत्तीत औषधाचा कोड टी ४२.६एक्स५ए होईल, पण क्रम तोच, आधी मायोक्लोनस, मग औषध.

क्रम उलटतो तो डोस चुकला तर. सांगितल्याप्रमाणे घेतलं आणि त्रास झाला तर दुष्परिणाम. चुकून दुप्पट गोळ्या घेतल्या, दुसऱ्याच्या गोळ्या घेतल्या, तर ती विषबाधा, आणि तिचा टी कोड पहिला. त्यामुळे नातेवाइकांनी गोळ्यांबद्दल काय सांगितलं ती ओळ नक्की शोधा.

डॉक्टरांनी झटक्यांऐवजी हात फडफडणं, ‘ॲस्टेरिक्सिस’ असं लिहिलं तर तो मायोक्लोनसच्या कोडमध्ये टाकू नका. अनुक्रमणिका आर २७.८ दाखवते. यकृताच्या पेशंटमध्ये तो मुख्य आजाराचाच भाग असतो, वेगळा लावायची गरज सहसा पडत नाही.

फवारणी, ऊन, धनुर्वात

हे आपल्या भागाचं आहे म्हणून यावर जरा थांबते.

कपाशीवर फवारणीचे दिवस सुरू झाले की पाठीवर पंप घेऊन, तोंडाला साधा रुमाल बांधून फवारणारी माणसं रुग्णालयात येतात. बाहुल्या बारीक झालेल्या, तोंडातून लाळ, घाम, आणि अंगभर स्नायू त्वचेखाली फडफडताना दिसतात. केसपेपरवर ‘फॅसिक्युलेशन्स प्रेझेंट’ असं लिहिलेलं असतं. नवा कोडर आर २५.३ लावतो, कारण अनुक्रमणिकेत शब्द सापडतो. पण इथे फडफड हे विषाचंच लक्षण आहे, त्याला वेगळा कोड नको. मुख्य कोड टी ६०.०, ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट कीटकनाशकांचा विषारी परिणाम.

त्यासोबत बाह्य कारणाचा कोड लागतो आणि इथे हात सावध ठेवा. फवारताना अपघाताने झालं तर एक्स ४८, आणि शेतात झालं म्हणून चौथा आकडा ७, म्हणजे एक्स ४८.७. जाणूनबुजून प्यायलं असं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर एक्स ६८. ठरवता येत नाही असं लिहिलं असेल तर वाय १८. एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) झालेली असते, पोलिसांचा जबाब होतो, कर्जाच्या आणि भरपाईच्या गोष्टी त्यावर अवलंबून असतात. कुटुंब काय म्हणतंय, शेजारी काय म्हणतात, यावरून हा कोड कधीही ठरवू नका. डॉक्टरांनी जे लिहिलं तेवढंच.

उन्हाळ्याचं वेगळं. भुसावळ-जळगावचा मे महिना कुणाला सांगायला नको. रावेर-यावलकडे केळीचे घड कापणारे, वाहणारे मजूर पोटऱ्यांत, पोटात गोळे येऊन येतात आणि नोंदीत ‘मसल स्पाझम’ पडतो. हे झटके नव्हेत. डॉक्टरांनी उन्हामुळे म्हटलं असेल तर टी ६७.२, सोबत एक्स ३०, म्हणजे नैसर्गिक अति उष्णता. आर २५.२ तेव्हाच, जेव्हा कारणच लिहिलेलं नाही. उष्माघात लिहिला असेल तर टी ६७.०, आणि मग स्नायूंच्या आकडण्याचा वेगळा विचार नको. रिपोर्टमध्ये सोडियम कमी दिसतं म्हणून स्वतःहून ई ८७.१ लावू नका; डॉक्टरांनी हायपोनॅट्रेमिया शब्द लिहिला तरच.

धनुर्वात आता कमी दिसतो, पण शेतात खिळा-काटा लागून, लस न घेतलेला माणूस जबडा घट्ट होऊन येऊ शकतो. आवाज झाला, स्पर्श झाला की अंग ताठ होतं. ए ३५, आणि आकडण्याला वेगळा कोड नाही. कॅल्शियम कमी होऊन हाताची बोटं ओढली जातात, डॉक्टर ‘टेटनी’ लिहितात, ते आर २९.०. दोन्ही नावं ऐकायला सारखी असल्याने टायपिंग करताना घोटाळा होतो, एकदा मागे वळून पाहून घ्या.

लहान मुलं

तान्ह्या बाळाचे हातपाय झोपेत उडतात, आई घाबरून आणते, आणि बाळ जागं झालं की झटके थांबतात. बालरोगतज्ज्ञांनी ‘बेनाइन निओनेटल स्लीप मायोक्लोनस’ लिहिलं असेल तर पी ९० लावायचा नाही. पी ९० ही नवजात बाळाची आकडी. ती बाळाच्या कागदावर पडली तर पुढचा प्रत्येक डॉक्टर तिच्याकडे बघून प्रश्न विचारणार. इथे डॉक्टरांनी मायोक्लोनस म्हटलं आहे, मायोक्लोनसच शोधा.

दुसरी गोष्ट मन लावून वाचा. शाळेत जाणारं मूल, अभ्यासात मागे पडत चाललेलं, आणि ठरावीक अंतराने अंगाला एकसारखे झटके. लहानपणी गोवर येऊन गेलेला. डॉक्टरांनी एसएसपीई (गोवराच्या विषाणूने मेंदूला होणारा आजार) लिहिलं तर ए ८१.१. संसर्गजन्य आजारांच्या प्रकरणातला हा कोड आहे, आणि गोवरानंतर काही वर्षांनी येतो. झटके या आजाराचाच भाग, जी २५.३ जोडू नका. हा कोड अचूक पडला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांमध्ये गोवराची लस कुठे चुकली हे अशाच नोंदींतून पुढे दिसू शकतं. तोच आजार ‘झटके’ म्हणून आर २५.८ मध्ये गेला तर कुठल्याच मोजणीत येणार नाही.

मोठ्यांमध्ये, हृदय बंद पडून पुन्हा सुरू केल्यानंतर काही दिवसांनी, शुद्धीवर आलेल्या माणसाला हालचाल करायला गेलं की झटके येतात. लान्स आणि ॲडम्स यांनी १९६३ मध्ये याचं वर्णन केलं आणि त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. इथे दोन कोड लागतात, जी २५.३ आणि मेंदूला ऑक्सिजन न मिळाल्याचा जी ९३.१. पेशंट झटक्यांच्या उपचारासाठी पुन्हा दाखल झाला असेल तर झटके आधी.

फॉर्मवर

विम्याच्या क्लेम फॉर्मच्या रुग्णालयाने भरायच्या भागात आयसीडी-१० साठी मुख्य निदान, जादा निदान आणि सहव्याधी असे वेगळे रकाने असतात. औषधाचा वाय कोड मुख्य निदानाच्या रकान्यात कधीच जात नाही. कोडपुढचं वर्णन डॉक्टरांच्या शब्दांशी जुळायला हवं. कोड मायोक्लोनसचा आणि वर्णन ‘सीझर’ असं असेल तर शंका येणार आणि पेशंटचे नातेवाईक हेलपाटे घालणार.

मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर, म्हणजे फॉर्म चारवर, डॉक्टरांनी ‘झटके’ लिहिलेलं दिसलं तर तो दाखला पुढे पाठवण्याआधी त्यांच्याकडे परत न्या. तिथे लक्षण चालत नाही, मृत्यूला नेणारा मूळ आजार हवा.

आयसीडी-११ जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केलं आहे आणि त्यात मायोक्लोनसचे आजार ८ए०६ खाली येतात. आपल्या फॉर्मवर अजून आयसीडी-१० आहे, तोवर तेच वापरा. दोन्हींचे कोड एका कागदावर नकोत.

डॉक्टरांना पाठवलेली लेखी क्वेरी आणि त्यांचं सही केलेलं उत्तर फाइलमध्येच, डिस्चार्ज कार्डाच्या मागे लावा. तारीख आणि वेळ दोन्हींवर हवी. डिस्चार्ज कार्डावर मूळ शब्द खोडून नवे लिहू नका. दुरुस्ती डॉक्टर स्वतः एका रेघेने करतील, बाजूला सही करतील, आणि पेशंटला दिलेली प्रतही तशीच बदलून द्यावी लागेल. वरच्या बाबांसारख्या पेशंटची ती द्यायची राहिली असेल तर पुढच्या डायलिसिसच्या दिवशी नातेवाईक येतात, तेव्हा काउंटरवर देता येते.